कमरेला बांधलेली ओटी : गरोदरपणातलं दुखणं आणि गोळीच्या आधी करायच्या गोष्टी

महिन्याच्या ९ तारखेला आमच्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं, तेव्हापासून ही तारीख गरोदर बायांच्या तपासणीची. वऱ्हांड्यातल्या बाकावर सात-आठ जणी बसलेल्या. कुणाच्या हातात कार्ड, कुणाच्या मांडीवर आधीचं लेकरू. मी वहिनीसोबत गेले होते. आमच्या पुढच्या बाईला सातवा महिना होता. वेचणीचे दिवस, तिच्या पदराला अजून कापसाचा काडीकचरा चिकटलेला.

"सिस्टर, कंबर लय दुखून राह्यली. एखादी गोळी देऊन द्या न."

सिस्टरने आधी तिचं बीपी घेतलं, लघवी तपासली, पोट पाहिलं. मग म्हणाली, "चप्पल काढ अन् त्या भिंतीले टेकून उभी राय."

टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, बसायचा भाग टेकलेला, पाठ टेकलेली. सिस्टरने तिची कंबर आणि भिंत यांच्या मधल्या फटीत हात घातला. हात कसला, आख्खी मूठ आरपार गेली. "पाहय, एवढी पोकळी आहे. आता कंबर भिंतीले चिकटव. श्वास नको रोखू." बाईला आधी जमेना. ती नुसतेच खांदे उचलत होती. चौथ्या खेपेला ओटीपोटाखालचा भाग किंचित पुढे वळला, फट मिटली आणि सिस्टरची बोटं दाबली गेली. "हां! अस्संच. पाच मोजेपर्यंत धर, सोड. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. भाजी शिजत घातली का भिंतीजवळ यायचं."

बाई हसली, पण गोळी न मिळाल्याने थोडी हिरमुसलीही. मला तिचं हिरमुसणं समजत होतं. चार किलोमीटर चालत आलेल्या बाईला भिंतीशी उभं करून परत पाठवायचं, म्हणजे थट्टाच वाटते. ती फट कशाने पडते हे कळलं, की भिंतीचा उपाय कुठून आला तेही कळतं.

दुखतं कशाने

कापूस वेचताना कमरेला ओटी बांधतात. सकाळी ती रिकामी असते. दहा वाजेस्तोवर भरत येते, वजन पुढे ओढायला लागतं आणि आपण नकळत मागे रेलतो. पोट पुढे, कंबर आत, खांदे मागे. संध्याकाळी ओटी सोडली की कंबर सरळ करता करता जीव जातो. गरोदरपणात नेमकं हेच घडतं, फक्त ही ओटी संध्याकाळी सोडता येत नाही. पूर्ण दिवस भरेपर्यंत बाळ अडीच-तीन किलोचं होतं. बाळाला पोसणारी वार अर्ध्या किलोच्या आसपास, शिवाय बाळाभोवतीचं पाणी. एरवी साठ-सत्तर ग्रॅमची गर्भाची पिशवी स्वतःच किलोभर वजनाची होते. हे सगळं शरीराच्या पुढच्या बाजूला. तोल सांभाळायला कंबर आत वळते, पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात, आणि पोटाचे स्नायू ताणून पातळ झाल्यामुळे पुढून आधार मिळत नाही.

दुसरी गोष्ट सांध्यांची. रिलॅक्सिन आणि प्रोजेस्टेरॉन यांसारखी संप्रेरकं शरीरातले बंध सैल करतात, म्हणजे बाळंतपणात कमरेचं हाडांचं कडं थोडं उघडू शकेल. बाजेची सुतळी ढिली पडली की बाज कुरकुरते आणि सगळा भार कोपऱ्यांच्या जोडांवर येतो, तसंच हे. म्हणून कमरेच्या खाली जिथे दोन बाजूंना खळग्या पडतात तिथे दुखतं, किंवा अगदी समोर, लघवीच्या जागेच्या वर दोन हाडं जुळतात तिथे दुखतं. कूस बदलताना, पायरी चढताना, एका पायावर उभं राहून परकर घालताना चमक निघते ती याच जोडांची.

चौथ्या-पाचव्या महिन्यात आणखी एक दुखणं येतं आणि पहिलटकरीण फार घाबरते. खोकलं, शिंकलं किंवा झटकन उठलं की जांघेजवळ सुरी फिरल्यासारखी कळ येते आणि काही सेकंदांत जाते. पिशवीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे बंध असतात, पाळण्याच्या दोऱ्यांसारखे. पाळणा जड झाला की दोऱ्या ताणतात. उजव्या बाजूला हे जास्त जाणवतं. खोकण्याआधी गुडघे आणि कंबर किंचित वाकवून पुढे झुकायचं, उठताना घाई करायची नाही, एवढ्यावर ते आवरतं. कळ थांबतच नसेल तर मात्र ती या दोऱ्यांची नाही.

"दिवसभर तर राबते, वर व्यायाम कायचा?"

हा प्रश्न मी किमान वीस जणींच्या तोंडून ऐकला असेल, आणि तो रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदरपणातल्या देखभालीबद्दल ज्या शिफारशी दिल्या, त्यात कंबर आणि ओटीपोटाचं दुखणं टाळण्यासाठी नऊही महिने नियमित व्यायाम करावा असं म्हटलं आहे. हे वाक्य निंदण करून आलेल्या बाईला वाचून दाखवलं तर ती हातातलं खुरपं फेकून मारेल.

फरक असा आहे की निंदण, रोवणा (भाताची लावणी), वेचणी यांत शरीर तासन् तास एकाच बाजूला वाकलेलं असतं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत रोवणा करणाऱ्या बाईची कंबर सहा-सात तास वाकलेली, पाय चिखलात. ही मेहनत आहे, पण ती त्याच त्याच स्नायूंना थकवते. व्यायाम म्हणजे त्याच्या उलट बाजूला केलेली हालचाल. कमी वेळ, सावकाश, आणि थकवा यायच्या आत थांबायचं.

भिंतीचा प्रकार वर आलाच. दुसरा प्रकार सारवणाच्या बैठकीचा. हात-गुडघे जमिनीवर टेकवून रांगत्या लेकरासारखं व्हायचं. श्वास सोडत पाठ वर फुगवायची, मांजर कुत्र्याला पाहून फुगवते तशी, मान खाली. श्वास घेत पाठ पुन्हा सपाट करायची. सपाटच, खाली झोळ पडू द्यायचा नाही. आठ-दहा वेळा. या अवस्थेत पोटाचा भार कमरेवरून उतरून खाली लोंबतो, आणि कित्येकींना दिवसभरात पहिल्यांदा कंबर मोकळी झाल्यासारखी वाटते. गुडघ्याखाली पोतं किंवा गोधडी घ्यावी. आमच्या आशाताई म्हणतात की शेणाने सारवणाऱ्या जुन्या बायांना हे शिकवावं लागत नाही, फरशी पुसायला लांब दांड्याचा पोछा आला तिथून अडचण सुरू झाली. मला ते अर्धंच पटतं. त्या जुन्या बायांच्या कंबरा किती दुखत होत्या हे त्यांना विचारलं कुणी?

तिसरं चालणं. शेतात चालणं वेगळं आणि संध्याकाळी मोकळ्या हाताने वीस मिनिटं चालणं वेगळं. सपाट चप्पल घालून, डोक्यावर काही न घेता. चालताना बोलता आलं पाहिजे. दम लागून बोलणं तुटत असेल तर वेग जास्त आहे.

रक्त जाणं, टाका घातलेली पिशवी, वार खाली असणं, बीपी, जुळं यांतलं काही असेल तर हे सगळं डॉक्टरला विचारूनच.

वजन उचलायची आणि उठायची रीत

पाणी भरणं हा आमच्याकडचा कमरेचा सगळ्यात मोठा शत्रू. बोरिंगवरून भरलेला गुंड एका कुशीवर, दुसऱ्या हातात बादली, आणि कधी कधी मागून पदर धरून रडणारं लेकरू. एका कुशीवर वजन घेतलं की कमरेखालचा एक जोड दाबला जातो आणि दुसरा ताणला जातो. सैल झालेल्या सांध्यांना हे सगळ्यात जास्त लागतं. एका भरलेल्या बादलीपेक्षा दोन्ही हातांत दोन अर्ध्या बादल्या बऱ्या. मोठ्या लेकराला कडेवर घेण्यापेक्षा आपण खाली बसून त्याला जवळ घ्यावं. काही उचलायचंच असेल तर कमरेतून न वाकता गुडघ्यातून बसावं, वस्तू अंगाजवळ घ्यावी आणि श्वास सोडत पायांच्या जोरावर उठावं. शेवटच्या तीन महिन्यांत भरलेला गुंड दुसऱ्या कुणीतरी उचलावा. घरात नवरा असतो, दीर असतो, त्यांना हात असतात. सुनेने हे सासूला सांगितलं तर "आम्ही नाही का केलं?" असं येतं, म्हणून आमच्या केंद्रातली सिस्टर हे मुद्दाम सासूसमोर मोठ्याने सांगते.

आता जमिनीवरून उठणं. हे बारीक वाटतं, पण बाई हे दिवसातून वीस-पंचवीस वेळा करते. उताण्या अवस्थेतून सरळ उठून बसायचं नाही. त्यात पोटाच्या मधल्या शिवणीवर आणि कमरेवर एकदम झटका बसतो. आधी दोन्ही गुडघे जोडून कुशीवर वळायचं. खांदे, कमर, गुडघे सगळं एकत्र वळलं पाहिजे, लाकडाचा ओंडका लोटल्यासारखं. मग वरच्या हाताने जमिनीवर जोर देत बसतं व्हायचं. तिथून हात-गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे ठेवायचं, हात मांडीवर किंवा भिंतीवर टेकवायचा आणि उठायचं. वहिनीला मी हे शिकवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हशीसारखं वाटते." वाटू दे. म्हैस कशी उठते ते पाहिलंय? तिलाही घाई नसते.

समोरच्या हाडात दुखत असेल तर गुडघे फाकतील अशा हालचाली टाळायच्या. गाडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं, मोठा बांध ओलांडणं, फताडं घालून बसणं. परकर, सलवार बसून घालायची. पायरी एकेक करून चढायची, आधी कमी दुखणारा पाय.

जुन्या सुती लुगड्याची वीतभर रुंद घडी करून ती पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून मागे घट्टसर बांधली तर काहींना पुष्कळ आराम पडतो. दुकानात मिळणारा पट्टा हेच काम करतो. पट्टा पोटावर नाही, पोटाखाली. काम करताना बांधायचा, झोपताना सोडायचा, आणि श्वास अडेल इतका आवळायचा नाही.

रात्र

रात्री तीन त्रास येतात : कूस, पोटरी आणि छातीतली जळजळ.

सातव्या महिन्यापासून उताणं झोपू नये, कारण पिशवीच्या वजनाने मणक्याशेजारून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दबते. आईला गरगरतं, बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं. कुशीवर झोपावं, डाव्या कुशीवर झोपलं तर उत्तम. झोपेत उताणी झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. जाग आली की वळायचं, बस. पण नुसतं कुशीवर झोपून कंबर शांत होत नाही, कारण वरचा पाय पुढे घसरतो आणि कंबर पिळली जाते. म्हणून गोधडीची लांब वळकटी करून ती दोन्ही गुडघ्यांच्या आणि घोट्यांच्या मध्ये घालायची. पोटाखाली मऊ लुगड्याची छोटी घडी. कमरेमागे दुसरी उशी. झोळ पडलेल्या बाजेवर यातलं काहीच उपयोगाचं नाही. बाज कसून घ्यावी नाहीतर खाली जाड अंथरूण टाकावं.

पोटरीत गोळा येतो तो बहुतेक मध्यरात्री, पाय ताणताना. अशा वेळी पायाची बोटं खाली ताणली तर गोळा आणखी आवळतो. बोटं आपल्याकडे, नडगीच्या दिशेने ओढायची. हात पोहोचत नसेल तर नवऱ्याने टाच धरून तळवा वर ढकलावा, किंवा उठून पाय सपाट जमिनीवर दाबावा. झोपण्याआधी भिंतीला हात टेकवून, एक पाय मागे, टाच जमिनीवर ठेवून पोटरी अर्धा मिनिट ताणली तर फेऱ्या कमी होतात.

छातीतली जळजळ हा आपल्या ठेच्याचा दोष आहेच, पण एकट्या ठेच्याचा नाही. प्रोजेस्टेरॉनमुळे अन्ननळी आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, खालून पिशवी जठराला ढकलते, आणि आंबट पाणी वर येतं. रात्रीचं जेवण थोडं आणि लवकर, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, डोक्याकडची बाजू उंच. सावजी रस्सा नऊ महिने कायमचा सोडा असं मी म्हणणार नाही. दुपारी खावा.

शेक, मालिश आणि पाणी

शेक चांगला. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी, कंबर, कुल्ला, खांदा यांवर दहा-पंधरा मिनिटं. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. तिथे चटका बसला तर कमरेलाही बसेल. पोटावर शेक नाही. आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, ओल्या फडक्याची गार पट्टी जास्त सुखाची. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, हात लावला तरी दुखते, असं असेल तर शेकही नाही आणि चोळणंही नाही. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती चोळून सुटली तर जिवावर बेततं. थेट दवाखाना.

मालिश पाठीची, कमरेची, तळव्यांची. बाईला कुशीवर झोपवून किंवा पाट समोर ठेवून त्यावर पुढे टेकून बसवून, कोमट तेलाने, हलक्या हाताने. पोट चोळायचं नाही, दाबायचं नाही, "बाळ फिरवून देते" म्हणणाऱ्या हाताला तर जवळही येऊ द्यायचं नाही. पोटावर जोर पडला तर वार सुटून आत रक्तस्राव होऊ शकतो. जुन्या दायांबद्दल मला आदर आहे, पण याबाबतीत नाही.

पाण्याची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती दुखण्याशी जोडली जात नाही. शेतात आडोसा नसतो, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. सकाळी एक गिलास, मग थेट घरी आल्यावर. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, शौचाला कडक होतं, पोट आवळल्यासारखं होतं आणि लघवीत जंतुसंसर्ग होतो. हा संसर्ग गरोदरपणात फसवा असतो. कधी जळजळ फार नसते, नुसती कंबर आणि ओटीपोट दुखतं, आणि बाई म्हणते, "कामाने दुखत असेल." उपचार झाला नाही तर तो मूत्रपिंडापर्यंत चढतो, अवेळी कळा सुरू होऊ शकतात. याला व्यायाम नाही, शेक नाही, इथे डॉक्टरने दिलेलं प्रतिजैविकच लागतं. म्हणून त्या दिवशी सिस्टरने भिंतीच्या आधी लघवी तपासली होती.

कोणत्या गोळ्या टाळायच्या, कोणत्या नाही

वहिनीला आठव्या महिन्यात पाठ धरली होती. दादाने गावातल्या एका दुकानातून "दुखायची" म्हणून पट्टी आणली. दोन गोळ्या घेऊन झाल्यावर ती पट्टी सिस्टरला दाखवली, तर तिने कपाळाला हात लावला. पॅरासिटामॉलसोबत त्यात डायक्लोफेनॅक होतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक ही सगळी एकाच घराण्यातली. पाचव्या महिन्यानंतर ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात. बाळाच्या भोवतीचं पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचंच बनतं, त्यामुळे ते पाणी कमी होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली विसाव्या आठवड्यापासून ही औषधं टाळा असा इशारा दिला, तो याचसाठी. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचाही धोका असतो. याच औषधांचे मलम आणि स्प्रेही विचारल्याशिवाय लावायचे नाहीत. कातडीतून ते आत जातातच.

पण "गोळी नको" हे वाक्य ताणायचंही नाही. ताप आला तर अंगावर काढायचा नाही. पॅरासिटामॉल डॉक्टरने सांगितलेल्या मापाने, गरजेपुरते दिवस घेता येतं. बीपीचा धोका म्हणून कुणाला रोजची छोटी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती मनाने बंद करायची नाही. आणि लोहाच्या लाल गोळ्या या दुखण्याच्या गोळ्या नव्हेत. "गरम पडतात", "बाळ मोठं होते, मग अडते", म्हणून घराघरात त्या मडक्यात पडून असतात. लोह कमी असलं की थकवा येतो, थकलेले स्नायू लवकर दुखतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची, आणि कॅल्शियमच्या दिवसातून दोन, जेवणासोबत. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नाही, दोन तासांचं अंतर. लोहावर चहा नाही. शौचाला घट्ट होत असेल तर गोळी सोडण्याआधी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि पाणी वाढवून पाहावं.

तोंडाचंही सांगून टाकते. हिरड्या सुजल्या, दाढ ठणकली की पूर्व विदर्भात खर्रा किंवा गुडाखू तोंडात धरतात. बधिर होतं खरं, पण ती तंबाखू आहे, आणि तंबाखूने बाळ कमी वजनाचं होतं. दातांचे उपचार गरोदरपणात करता येतात.

विदर्भातल्या बाईने आणखी एक विचारावं

गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात आणि आदिवासी भागात सिकलसेल बराच आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडं, छाती, पोट असह्य दुखायला लागतं. आजार असलेल्या बाईला गरोदरपणात असे झटके जास्त येऊ शकतात. पाणी कमी पडणं, गारठा, ताप, अतिश्रम यांनी ते उठतात. या दुखण्याला घरचा कुठलाच उपाय पुरत नाही. गार पट्टी तर मुळीच नाही. म्हणून पहिल्याच तपासणीला सिकलसेलची चाचणी झाली का, हे आपणहून विचारावं. सरकारी केंद्रात ती मोफत होते. नुसत्या वाहक असलेल्या बाईला असे झटके सहसा येत नाहीत, पण नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

ज्या दुखण्याला थांबायचं नाही

रक्त किंवा पाणी जाणं. पोट लाकडासारखं कडक होऊन सैलच न पडणं. डोकं फाटल्यासारखं दुखणं आणि डोळ्यांपुढे काजवे, चेहरा-हात सुजणं, उजव्या बरगडीखाली दुखणं. हे बीपीचं लक्षण असू शकतं, १४०/९० किंवा वर गेलं की ते जास्त धरतात. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं. छातीत दुखणं, दम लागणं. बाळाची हालचाल कमी होणं. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत एकाच बाजूला तीव्र दुखून चक्कर येणं, कारण गर्भ नळीत असू शकतो. आणि ३७ आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा.

या शेवटच्यात गोंधळ होतो, कारण सातव्या-आठव्या महिन्यापासून सरावाच्या कळाही येतात. पोट घट्ट होतं आणि सोडतं. त्या अनियमित असतात, पाणी पिऊन कुशीवर पडलं की विरतात. खऱ्या कळा विरत नाहीत. त्या जवळ जवळ येतात, जोर वाढवतात, आणि बऱ्याचदा कमरेतून पुढे येतात.

खऱ्या कळांतही गोळी-इंजेक्शनाशिवाय बरंच करता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत मालिश, गरम शेक, सावकाश श्वास, चालणं-फिरणं हे सगळं आहे. कळ आली की बाईने खाटेचा कठडा धरून पुढे झुकावं आणि सोबतच्या बाईने तळहाताचा खालचा भाग माकडहाडाच्या वर दाबून धरावा, चांगला जोर लावून, कळ ओसरेपर्यंत. कमरेतल्या कळांना याच्याइतका आराम दुसऱ्या कशाने पडलेला मी पाहिला नाही. श्वास आत घेताना तीन मोजायचे, सोडताना सहा. त्यासाठी सोबत कुणीतरी हवं. सरकारी प्रसूतिगृहांसाठीच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सोबतिणीची तरतूद आहे, तेव्हा आई, सासू किंवा जाऊ यांपैकी कोण येणार हे आधीच ठरवावं. आणि गावातल्या कुणी "कळा वाढायचं" इंजेक्शन घरी देऊ केलं तर नको म्हणावं. पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं.

कार्ड पिशवीत, १०२ आणि १०८ हे नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो, अशा आदिवासी भागांत काही आरोग्य केंद्रांच्या आवारात माहेरघर आहे. तारखेच्या चार-पाच दिवस आधी तिथे जाऊन राहता येतं, सोबत घरचं एक माणूस आणि लहान लेकरू असलं तरी चालतं. जाताना घरची गोधडी तेवढी घ्यावी. तिथल्या खाटेवर गुडघ्यांत घालायला काही मिळेलच असं नाही.